नौपाड्यातला रविवारचा इंग्रजी क्लास: 'वीक' सोडून बाकी सगळं

ठाण्यात इंग्लिश स्पीकिंगचे क्लासेस किती आहेत ते स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कळतंच, रिक्षाच्या मागे बोर्ड, खांबावर बोर्ड, तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी. मी ज्या क्लासबद्दल लिहितेय तो त्यातला नाही म्हणूनच सविस्तर लिहावंसं वाटलं. गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर दर रविवारी सकाळी भरतो. शिकवणाऱ्या मॅडम शाळेतून रिटायर झाल्यात, तिथे त्या इंग्रजी आणि मराठी दोन्ही विषय शिकवायच्या, आणि माझ्या मते या क्लासचं खरं भांडवल तेच आहे. बोर्ड नाही, जाहिरात नाही, सगळं ओळखीतून चालतं, त्यांनाही ते तसंच हवंय म्हणून नाव आणि नंबर टाकत नाहीये.

पद्धत अशी की ग्रामरचा धडा वगैरे काही नाही, दर सत्राला एक कल्पना घ्यायची आणि तिच्याभोवतीचे इंग्रजी शब्द सोलून काढायचे. राग, पैसा, वास, घाई असे विषय झाले. पण मला सर्वात जास्त उपयोगी पडलेलं सत्र म्हणजे कमजोरीचं, म्हणजे वीक, विकनेस आणि त्यांची सगळी भावंडं. ते एका रविवारी संपलंच नाही, पुढच्या रविवारीही चाललं, आणि कोणी कंटाळलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या सत्रावरच लिहितेय, त्यावरून बाकीच्या क्लासचा अंदाज येईल.

मला ते का भिडलं ते आधी सांगते. मी घरी जाऊन ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या एका सर्व्हिसमध्ये को-ऑर्डिनेटर आहे, पेशंट सगळे ठाण्यातले, घोडबंदर रोड, वर्तकनगर, कोपरी, आणि त्यांची मुलं बेंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत रिपोर्ट जातो. आणि या सगळ्या लाईनमध्ये, फक्त आमच्याकडेच असं नाही, रिपोर्टमध्ये एकच शब्द असतो, वीक. आजी आज वीक आहेत. जेवल्या नाहीत तरी वीक, रात्री झोप झाली नाही तरी वीक, उठताना चक्कर आली तरी वीक, डावा हात वर होत नाही तरी वीकच. आता तिकडे सातासमुद्रापार बसलेल्या लेकीने त्या एका शब्दावरून काय समजायचं? एकतर ती घाबरून रात्री दोनला फोन करते, नाहीतर रोज तेच वाचून वाचून तिला सवय होते आणि ज्या दिवशी खरंच धावपळ करायची गरज असते त्या दिवशीही ती ओके लिहून मोकळी होते. दुसरं जास्त वाईट.

तर सत्राची सुरुवात मॅडमनी इंग्रजीने केलीच नाही. खडू घेतला आणि म्हणाल्या, अशक्तपणाला मराठीत जेवढे शब्द येतात तेवढे सांगा. आधी सगळे गप्प, मग जे सुरू झालं ते थांबेना. अशक्त, दुबळा, कमकुवत, क्षीण, नाजूक, मरतुकडा, किडकिडीत, हडकुळा, लेचापेचा, खंगलेला, गलितगात्र, तोळामासा, खिळखिळा, डळमळीत, तकलादू, फुसका, पांचट, मिणमिणता, नेभळट, शेळपट, मुळमुळीत. फळा भरला. मग त्यांनी विचारलं, यातला तकलादू माणसाला म्हणाल का? नाही, खुर्चीला म्हणू, फार तर पक्षांच्या युतीला म्हणू. तोळामासा खुर्चीला म्हणाल का? नाही, ती प्रकृती असते. फुसकी काय असते? सबब, नाहीतर धमकी. मिणमिणता? दिवा. पांचट? चहा आणि विनोद. बघा, म्हणाल्या, तुम्हाला कोणी शिकवलं नाही तरी मराठीत कुठला शब्द कुठे बसतो हे तुम्हाला पक्कं माहितीये, इंग्रजीतही अगदी असंच आहे, तिथे फक्त जागा ओळखायच्यात.

आणि मग फळ्यावरच्या एकेका मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द यायला लागला. तकलादूसमोर फ्लिम्झी, तो खुर्चीलाही चालतो आणि कारणालाही. खिळखिळ्या टेबलासमोर रिकेटी. फुसक्या सबबीसमोर फीबल एक्स्क्यूज किंवा थिन एक्स्क्यूज. लेम एक्स्क्यूजही लोक सर्रास म्हणतात, पण लेम म्हणजे मुळात लंगडा, अपंग व्यक्तींना तो शब्द लागतो म्हणून आता बरेच जण टाळतात, आपणही टाळावा असं मॅडमचं मत, मला पटलं. मिणमिणत्या दिव्यासमोर डिम, नाहीतर फीबल लाईट. पांचट चहासमोर मात्र साधा वीकच, वीक टी, तिथे फीबल टी म्हटलं तर हसतील. हडकुळ्या पोरासमोर स्क्रॉनी. एवढासा, जीव नसलेला, त्यासमोर प्युनी. मुळमुळीत माणसासमोर विशी-वॉशी, ज्याचं हो की नाही कधी कळतच नाही असा. बॅचमध्ये बारावी सायन्सची एक मुलगी आहे, तिने विचारलं मग वीक ॲसिड म्हणजे पाणी घातलेलं ॲसिड का, तर नाही, पाणी घातलेलं ते डायल्यूट, आणि वीक म्हणजे जे पाण्यात पूर्णपणे विघटित होत नाही ते, व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड कितीही कॉन्सन्ट्रेटेड असलं तरी वीकच. शब्दांच्या क्लासमध्ये हे उत्तर मिळेल असं तिलाही वाटलं नसेल.

आता मुख्य मुद्दा, विकनेस. आपल्याकडे विकनेस हा शब्द मराठीच झालाय खरं तर. डॉक्टर, फार विकनेस आलाय, एक सलाईन लावून टाका ना, हे कुठल्याही दवाखान्यात ऐका. आपण म्हणतो त्या विकनेसमध्ये थकवा, गळाल्यासारखं होणं, त्राण नसणं, तापानंतरची मरगळ, सगळं येतं. पण वैद्यकीय इंग्रजीत विकनेस म्हटलं की डॉक्टर आधी स्नायूंची ताकद बघतात. हात उचलताच येत नाही हा विकनेस. हात उचलता येतो पण दोनदा उचलला की दमायला होतं, नको वाटतं, हा फटीग. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. मॅडम काही डॉक्टर नाहीत, पण बॅचमध्ये एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तिला त्यांनी सरळ पुढे बोलावलं आणि अर्धा तास तीच बोलली. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात हे तिने माझ्याच हातावर करून दाखवलं. शून्य म्हणजे स्नायू अजिबात आकसत नाही. एक म्हणजे नुसता थरथरतो, हालचाल नाही. दोन म्हणजे हात गादीवर आडवा सरकतो पण वर येत नाही. तीन म्हणजे वर येतो पण कोणी जरा दाबलं की खाली. चार म्हणजे थोडा विरोध सहन करतो. पाच म्हणजे नॉर्मल. माझा कोपर धरून ती दाबत होती आणि मी वर ढकलत होते, आणि मला जाणवलं की आमच्या रिपोर्टमधल्या त्या एका वीक शब्दात या सगळ्या पायऱ्या गडप होतात.

तिनेच पॅरेसिस आणि प्लीजिया यातला फरक सांगितला. पॅरेसिस म्हणजे ताकद कमी झालीये पण थोडी शिल्लक आहे, प्लीजिया म्हणजे पूर्ण गेली. पुढे हेमी लागलं की शरीराची एक बाजू. डिस्चार्ज पेपरवर हेमीपॅरेसिस लिहिलंय की हेमीप्लीजिया यावर घरी एक माणूस पुरेल की दोन लागतील ते ठरतं. आणि ॲस्थेनिया हा शब्द फाईलमध्ये दिसतो तो ग्रीक, स्थेनॉस म्हणजे बळ आणि आधी नकाराचा अ, अगदी आपल्या अशक्तसारखाच बांधलेला. मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजाराच्या नावातही तोच आहे, पुढे मायो म्हणजे स्नायू. व्यायामातल्या कॅलिस्थेनिक्समध्येही तोच स्थेनॉस. हे कळल्यावर फाईल वाचायची भीती जरा कमी होते.

आणि एक गोष्ट ती पोटतिडकीने सांगत होती, ती इथे लिहितेच कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तर तो विकनेस आलाय म्हणून झोपवून ठेवायचा प्रकार नाही, तो स्ट्रोक असू शकतो, ताबडतोब हॉस्पिटल. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे सुरू कधी झालं ती वेळही लिहायला हवी. म्हणजे रिपोर्टमध्ये वीक लिहिणं आणि 'सडन विकनेस इन द राईट आर्म सिन्स फोर पीएम' लिहिणं यात जीव वाचण्याएवढा फरक पडू शकतो. अचानक, कुठे, कधीपासून. त्यानंतर मी आमच्या सगळ्या केअरटेकर मुलींना हेच तीन प्रश्न पाठ करायला लावलेत.

मग फेन्ट. हा एकटाच तीन कामं करतो. शी फेन्टेड म्हणजे शुद्ध हरपून पडल्या. शी फील्स फेन्ट म्हणजे भोवळ आल्यासारखं वाटतंय, पडल्या नाहीत अजून. आणि अ फेन्ट लाईन म्हणजे टेस्ट किटवर उमटते ती पुसटशी रेघ, जी कोविडच्या काळात सगळ्यांनी उजेडात धरधरून बघितलीये. पहिल्या दोन्हींत गोंधळ झाला तर नातेवाईकांचा जीव टांगणीला लागतो, कारण पडल्या म्हणजे डोक्याला मार लागलाय का ते बघावं लागतं. ड्राउझी म्हणजे झोपाळलेल्या, लेथार्जिक म्हणजे मरगळलेल्या, काहीच करावंसं वाटत नाहीये, अनस्टेडी म्हणजे पाऊल डगमगतंय. ही सगळी साधी साधी विशेषणं आहेत, मुलींना आठवड्याभरात येतात, कोणी नीट सांगायला मात्र हवं.

एक बारीक गोष्ट मला फार आवडली. विकनेसच्या आधी तो छोटासा अ. शी हॅज विकनेस इन हर लेग, पायात ताकद नाही. शी हॅज अ विकनेस फॉर जिलेबी, जिलेबी दिसली की राहवत नाही. पुढे इन आहे की फॉर आहे यावरही सगळं बदलतं. आणि आपण सगळे म्हणतो ते आय ॲम हॅविंग विकनेस, ते भारतात सगळ्यांना कळतं, डॉक्टरही तसंच म्हणतात, पण बाहेरच्या देशातल्या माणसाशी बोलताना आय फील वीक एवढंच पुरतं. मॅडमनी याला चूक म्हटलं नाही, इथे हे चालतं आणि तिथे ते चालतं असं सांगितलं, आणि हा स्वभाव मला बाकीच्या क्लासेसमध्ये दिसत नाही, तिथे पोरांना आधी लाज वाटायला लावतात आणि मग फी घेतात.

फ्रेल आणि फ्रॅजाइल हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे, फ्रॅजिलिसचे, एक जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत आला आणि दुसरा नंतर थेट लॅटिनमधून उचलला. आपल्याकडे एकाच संस्कृत शब्दाचा तत्सम आणि तद्भव दोन्ही वापरात असतात ना, अग्नी आणि आग, तसंच, आणि मॅडमनी हेच उदाहरण दिलं. पण कामं वाटली गेली. फ्रॅजाइल खोक्यावर लिहितात, शांतता कराराला लावतात, मनाच्या अवस्थेलाही लावतात. फ्रेल बहुतेक म्हाताऱ्या माणसाला. आणि फ्रेल हा आता नुसता दयेचा शब्द राहिलेला नाही, वृद्धांच्या वैद्यकात त्याची व्याख्या आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच खुणा ठरवल्या, न ठरवता वजन घटणं, सतत थकल्यासारखं वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, आणि एकूण हालचालच कमी होणं. तीन किंवा जास्त असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर त्याच्या उंबरठ्यावर. आजी पाण्याची बाटली उघडायला आता दुसऱ्याला देतात, सिग्नल संपेपर्यंत रस्ता ओलांडून होत नाही, हे आपण रोज बघतो आणि वय झालं म्हणून सोडून देतो. त्याला नाव आहे आणि वेळेत लक्षात आलं तर व्यायाम आणि आहाराने बरंच सावरता येतं, हे मला क्लासमध्ये कळलं, माझ्या कामाच्या ट्रेनिंगमध्ये नाही.

फीबल याहून वेगळा. तो ज्याच्या मुळातून आला तो लॅटिन शब्द म्हणजे जे बघून रडू यावं असं. आणि खरंच त्यात एक कीव आहे, थोडा तुच्छतेचा वासही आहे. म्हणून पेशंटच्या मुलाला तुमचे वडील फीबल झालेत असं कधीच लिहू नये, फ्रेल चालेल, वीकर दॅन लास्ट वीक सर्वात बरं. इथे मॅडमनी एक कडू गोष्ट सांगितली. ब्रिटनमध्ये १९१३ च्या कायद्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांचे जे अधिकृत वर्ग केले होते त्यात ईडियट, इम्बेसाइल आणि फीबल-माइंडेड हे शब्द चक्क सरकारी कागदावर होते. इम्बेसाइलचाही लॅटिन अर्थ मुळात दुर्बल एवढाच. आज त्या शिव्या आहेत. इन्व्हॅलिडचंही तसंच, तिकीट इन्व्हॅलिड असतं तेव्हा जोर मधल्या अक्षरावर, आणि आजारी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला म्हणायचे तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर, इन्व्हलिड, दोन्हींचं मूळ बळ नसलेला हेच. जुन्या फॉर्मवर कुठे दिसला तर घाबरू नका पण स्वतः माणसासाठी वापरू नका. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, आणि मला वाटतं शब्द शिकवणाऱ्याला एवढी चाड असायलाच पाहिजे.

बॅचमध्ये आमच्यासारखी नोकरीवाली माणसं जास्त, त्यामुळे ज्याच्या त्याच्या कामातून शब्द येतात. एक काका त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, बिल्डिंग जुनी, स्ट्रक्चरल ऑडिटची फाईल घेऊनच आले होते. ठाण्यात पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते ते सगळ्यांना माहीत असेल, सी-वन म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ. तीस वर्षं झाली की ऑडिट करावंच लागतं. आता त्या ऑडिट रिपोर्टच्या इंग्रजीत डिस्ट्रेस्ड, डिटीरिओरेटेड, डिलॅपिडेटेड असे शब्द होते आणि काकांच्या मेंबरांना सगळ्याचा एकच अर्थ लागत होता, बिल्डिंग पडणार. तर डिलॅपिडेटेड म्हणजे पार मोडकळीस आलेली, त्यात लॅपिस म्हणजे दगड आहे, दगड विखुरलेला. डिटीरिओरेटेड म्हणजे आधीपेक्षा खालावलेली, ती सावरता येऊ शकते. डिस्ट्रेस्ड म्हणजे काँक्रीटला तडे, गंजलेल्या सळ्यांनी उचकटलेला गिलावा, अशी ताणाची लक्षणं दिसणारी. तीन शब्दांत बिल्डिंगच्या तीन अवस्था. काकांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतो म्हणाले. अर्थात बिल्डिंग कुठल्या वर्गात बसते ते इंजिनिअरच सांगणार, पण त्याने लिहिलेलं वाचता तरी यायला हवं, घर आपलं आहे.

ठाणे कोर्टात वकिलाकडे काम करणारा एक मुलगा येतो, त्याला फ्लिम्झी ग्राउंड्स आणि टेन्युअस हे हवे होते. फ्लिम्झी म्हणजे मुद्दाच तकलादू, टेन्युअस म्हणजे मुद्दा आणि निष्कर्ष यांना जोडणारा धागा फार बारीक. त्याच्यामुळे प्युनीची गंमत निघाली. हा शब्द फ्रेंच 'प्वी ने'वरून आला, नंतर जन्मलेला, म्हणजे धाकटा, आणि धाकटा म्हणून लहानखुरा, किरकोळ. आणि हायकोर्टातल्या मुख्य न्यायाधीशांव्यतिरिक्तच्या न्यायाधीशांना जुन्या कायद्याच्या भाषेत जे म्हणतात त्याचं स्पेलिंग वेगळं पण उच्चार अगदी हाच, प्युनी जज. तिथे अर्थ कनिष्ठ एवढाच, अशक्त नाही. मुलगा इतका खूश झाला की सांगता सोय नाही.

ऐरोलीहून ट्रान्स हार्बर लोकलने येणाऱ्या दोघी आयटीत आहेत, त्यांचा प्रश्न इंटरव्ह्यूचा, वॉट इज युवर विकनेस. मॅडमनी तिथे फॉर्टे आणि फॉइबल काढलं. तलवारीच्या पात्याचा मुठीकडचा जाड भाग तो फॉर्ट, आणि टोकाकडचा लवणारा भाग तो फॉइबल, तलवारबाजीतले शब्द. त्यावरून एखाद्याची हातखंडा गोष्ट म्हणजे फॉर्टे, आणि स्वभावातली एखादी छोटी खोड म्हणजे फॉइबल, हा फीबलचा सख्खा भाऊ. इंटरव्ह्यूत फॉइबल म्हणायचं नाहीच, पण विकनेस, शॉर्टकमिंग आणि फ्लॉ यात हलकं काय आणि जड काय याचा अंदाज आला पाहिजे. शॉर्टकमिंग म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडं कमी पडणं, भरून काढता येतं असं. फ्लॉ म्हणजे मुळातच चीर. त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना फ्लॉ नको.

एनर्व्हेट एका मिनिटात उरकला पण लक्षात ठेवा. एनर्जीसारखा ऐकू येतो म्हणून चांगली चांगली माणसं तो ताजंतवानं करणे अशा अर्थाने वापरतात, इंग्रजीवालेसुद्धा. अर्थ बरोबर उलटा, शक्ती काढून घेणे. मे महिन्यातला ठाण्यातला उकाडा एनर्व्हेटिंग असतो, सकाळी आठलाच अंगातलं पाणी पाणी होतं तो.

क्रियापदंही दिली, ती मला रिपोर्टसाठी सोन्यासारखी वाटतात. वीकन सगळ्यांना येतं. पण दृष्टी फेल होत जाते, फेलिंग आयसाईट. उत्साह फ्लॅग होतो. ताकद हळूहळू ओसरते ती एब्स अवे. ताप माणसाला सॅप करतो, आतून शोषून घेतो. खंगत जाणं ते वेस्टिंग अवे, आणि मांडीचा स्नायू सुकत गेला तर मसल वेस्टिंग. यात काळ दिसतो. वीक म्हटलं की फोटो काढल्यासारखं एका क्षणाचं कळतं, ही क्रियापदं वापरली की कसं कसं होत गेलं ते कळतं, आणि लांब बसलेल्या मुलांना नेमकं तेच हवं असतं.

मॅडमच्या टेबलावर रॉजेटचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश असतो, मूळ १८५२ चा, करणारा माणूस स्वतः डॉक्टर होता. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, कल्पनेप्रमाणे आहेत, आणि स्ट्रेंग्थच्या लगेच पुढचा गट विकनेसचा आहे, समोरासमोर ठेवल्यासारखा. क्लासची सगळी कल्पना तिथूनच आलीये हे त्या स्वतःच सांगतात. फक्त त्या गटात पन्नास शब्द एका ओळीत असतात आणि कुठला कुठे बसतो हे त्यात लिहिलेलं नसतं, ते काम मॅडम करतात.

आता न आवडलेलं. उच्चारांवर वेळ फारच कमी. व्हल्नरेबल हा शब्द बॅचमध्ये चार जणांनी चार पद्धतीने म्हटला आणि तसाच पुढे गेला. खोली लहान, मागे बसलं तर फळा दिसत नाही, झेरॉक्सच्या नोट्स इतक्या फिकट की घरी जाऊन परत लिहाव्या लागतात. बोलायचा सराव जवळजवळ नाही, म्हणजे ज्याला बोलायची भीती घालवायचीये त्याने इथे येऊ नये, त्याला दुसरा क्लासच बरा. मॅडम विषयात रमल्या की वेळेचं भान राहत नाही, साडेअकराला संपायचं सत्र बाराच्या पुढे जातं, ज्यांना घरी स्वयंपाक आहे त्यांची चुळबुळ सुरू होते. आणि लिफ्ट नाही, जिना चढा आहे, गुडघेवाल्यांनी विचार करून या. याबद्दल मी मॅडमशी बोलले, खालच्या मजल्यावर सोसायटीचं ऑफिस रविवारी रिकामं असतं ते मिळतं का बघते म्हणाल्या.

यापूर्वी आमच्या सर्व्हिसमधल्या काही मुली एका मोठ्या क्लासला जायच्या, एसी, स्क्रीन, ॲप, सगळं. तिथे वीकसाठी एक पीडीएफ मिळाली होती, चाळीस समानार्थी शब्द आणि पुढे परीक्षेत येणारे असा शिक्का. मुलींनी पाठ केले आणि एकीने आजोबांच्या रिपोर्टमध्ये इम्पोटंट लिहिलं. यादीत होता तो शब्द, अर्थ बलहीन असाच दिला होता, आणि डॉक्टरी कागदावर त्याचा अर्थ नपुंसक असा होतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कुटुंबाने समजून घेतलं, पण ती पोरगी कित्येक दिवस कोणाशी धड बोलत नव्हती. मला त्या पीडीएफचा आजही राग येतो. शब्द देताना त्याच्यासोबत त्याची जागा द्यायलाच हवी, नाहीतर देऊ नये. त्याच मुलीला मी इथे घेऊन आले, आता ती रिपोर्टमध्ये 'टायर्ड बट अलर्ट, वॉक्ड टू द बाल्कनी विथ सपोर्ट' असं लिहिते, वाचून आजोबा डोळ्यांसमोर उभे राहतात.

कोणी यावं तर ज्यांना रोज इंग्रजीत काहीतरी लिहावं लागतं आणि शाळा मराठी माध्यमातली झालीये अशांनी. नर्सिंग, फिजिओ, लॅब, वकिलाचं ऑफिस, सोसायटीचा कारभार, विशेषतः यांनी. मुलांसाठी बारावीच्या खाली नको, त्यांना वेगळी बॅच नाही. फी इथल्या मोठ्या क्लासेसच्या मानाने बरीच कमी आणि दर महिन्याला देता येते, पूर्ण कोर्सचे आधी भरा असा आग्रह नाही. स्टेशनपासून चालत येता येतं, गाडी आणू नका, गल्लीत पार्किंगची मारामारी असते. नवीन बॅचला बसायच्या आधी एक सत्र फुकट बसून बघू देतात, त्यासाठी रविवारी दहाच्या आत या आणि वही घेऊन या. पुढचा विषय भूक आणि तहान आहे असं ऐकलंय, मला त्यात जेवण नाकारणं, गिळता न येणं आणि भूक न लागणं यांचे वेगवेगळे शब्द हवेत, ते मी मॅडमना आधीच सांगून ठेवलंय.